एका डोंगरावरची दोन दगडफुले

बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी दगडफुलावर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होते : 'दगडफुलाला हवामानाची फिकीर नसते.' वाक्य मला फार आवडले होते. लेख वाचून सोलापूरहून एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. महाबळेश्वरच्या दगडावरचे दगडफूल दगडासकट उचलून सोलापुरात आणून ठेवले तर ते जगेल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी उलट टपाली कळवले, 'जगेल, फक्त सावकाश वाढेल.' या उत्तराला माझ्याजवळ कसलाही आधार नव्हता. होता तो माझ्याच वाक्याचा.

पुढच्या काही वर्षांत वाचत गेले तसतसे ते वाक्य खोटे ठरत गेले. ते कसे खोटे ठरले, हे सांगण्यासाठी हा लेख. पण चूक माझ्या एकटीची नव्हती. दगडावरच्या या जीवाला एक नाव दिले की तो सगळीकडे एकच असतो, असे जाणकारही दीर्घकाळ धरून चालले होते. म्हणून हा त्या नावाचाही इतिहास आहे.

मी वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकलेले नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि एकवीस वर्षे मसाल्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिले. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल मला घरात ठाऊक होतेच, पण त्याच्याशी खरी ओळख झाली ती खातेवहीत. हिमालयाच्या बाजूने येणारी पोती वेगळी आणि दक्षिणेतल्या डोंगरांकडून येणारी वेगळी. एकातला माल राखाडी आणि रुंद, दुसऱ्यातला काळपट आणि बारीक. शेठ मूठभर माल नाकाशी नेत आणि भाव वेगवेगळा सांगत. वहीत मात्र दोन्हींची नोंद एकाच नावावर होई : दगडफूल. एकदा मुलाच्या दप्तरातले भिंग घेऊन मी ती मूठ पाहिली. एका नावाखाली तिथे चार-पाच निरनिराळे जीव होते. माझा अभ्यास सुरू झाला तो त्या दिवसापासून.

दगडफूल हे फूल नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. शास्त्रीय मराठीत त्याला शैवाक म्हणतात. बुरशीच्या धाग्यांनी विणलेले घर आणि त्या घरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाच्या पेशी, असा हा जोडसंसार असतो. शैवाल सूर्यप्रकाशात साखर तयार करते. बुरशी निवारा देते, पाणी आणि क्षार धरून ठेवते. २००५ साली युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रयोगात दोन जातींची शैवाके उपग्रहातून पृथ्वीबाहेर नेऊन सुमारे दोन आठवडे उघड्या अवकाशात ठेवली होती. परत आल्यावर ती पुन्हा कामाला लागली. 'फिकीर नसते' हे माझे वाक्य याच बातमीवरून स्फुरले होते.

*

सुरुवात लिनियसपासून करावी लागते. १७५३ साली या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात वनस्पतींची दुहेरी नावे छापली, तेव्हा सुमारे ८० शैवाके त्याने 'लायकेन' या एकाच प्रजातीत कोंबली. त्यांतले एक म्हणजे 'लायकेन पुस्तुलातुस'. फोड आलेले, असा त्या विशेषणाचा अर्थ. हे शैवाक तळहाताएवढे होऊ शकते, दगडाला मधोमध एका नाळेने चिकटलेले असते आणि त्याच्या पाठीवर खरेच फोडांसारखे उंचवटे असतात. कोरडे असताना ते तपकिरी-राखाडी असते आणि पापडासारखे मोडते. भिजले की चामड्यासारखे मऊ होते. ग्रॅनाइटसारख्या खडकांवर ते स्कँडिनेव्हियापासून भूमध्य समुद्राच्या बेटांपर्यंत आढळते. आज त्याला 'लासालिया पुस्तुलाता' म्हणतात. अलीकडे काही अभ्यासक त्याला 'उंबिलिकारिया' या प्रजातीत घालतात. आपल्या गोष्टीचा नायक हाच आहे.

लिनियसचा शेवटचा शिष्य एरिक अखारियस पेशाने डॉक्टर होता. वाडस्टेना या लहानशा गावात रुग्ण तपासता तपासता त्याने शैवाकांचे स्वतंत्र शास्त्र उभे केले. त्यांच्या अवयवांसाठी त्याने घडवलेल्या कित्येक संज्ञा आजही चालतात. पण अखारियसलाही आपण एकाच जीवाचे वर्णन करतो आहोत, याबद्दल शंका नव्हती.

ती शंका घेतली झिमोन श्वेन्डेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने. सप्टेंबर १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत त्याने सांगितले की शैवाक हा एक जीव नाहीच. ती बुरशी आहे आणि तिने शैवालाला आपल्या जाळ्यात कोंडून ठेवले आहे. पुढे त्याने बुरशीला धनी आणि शैवालांना गुलाम म्हटले. शैवाकांच्या त्या काळच्या बहुतेक जाणकारांना हे अपमानास्पद वाटले. पॅरिसमध्ये काम करणारा फिनलंडचा विल्यम निलांडर त्यांत अग्रणी होता. हा माणूस सामान्य नव्हता. शहरातल्या धुराने शैवाके नाहीशी होतात आणि लक्झेंबर्ग बागेत ती टिकली आहेत ती तिथली हवा बरी म्हणून, हे १८६६ सालीच त्याने नोंदवले होते. शैवाक हवेला किती हळवे असते हे ज्याने आधी ओळखले, त्यालाच ते दोघांचे मिळून बनले आहे हे अखेरपर्यंत पटले नाही. १८९९ साली तो वारला तेव्हा वादाचा निकाल लागून गेला होता. १८७७ सालीच अर्न्स्ट श्टालने बुरशीचे बीजाणू आणि शैवालाच्या पेशी एकत्र वाढवून शैवाक घडवून दाखवले होते, आणि त्यानंतर आंतोन दि बारीने अशा एकत्र राहण्यासाठी 'सहजीवन' ही संकल्पना रूढ केली.

माझ्यासारख्या हिशेबनिसाला हे पटकन कळते. दुकानावर पाटी एक, पण आत भागीदार दोन. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शास्त्राच्या नियमानुसार शैवाकाचे नाव हे त्यातल्या बुरशीचे नाव मानले जाते. शैवालाचे नाव वेगळे. 'लासालिया पुस्तुलाता' ही पाटी बुरशीची आहे आणि तिचा भागीदार 'ट्रेबूक्सिया' नावाचे हिरवे शैवाल आहे. या शैवालाला ते नाव मिळायला १९२४ साल उजाडले. नाव एकाचेच घेतल्यामुळे दुसरा भागीदार बराच काळ नजरेआड राहिला.

*

आता हवामानाकडे वळू. शैवाकाला मुळे नाहीत, पाणी रोखून धरणारी साल नाही. हवा ओली झाली की ते ओले होते, कोरडी झाली की कोरडे. कोरडे झाले की त्याचा कारभार थांबतो. अवकाशात ते टिकले ते याच बंद अवस्थेत. शटर ओढलेल्या दुकानाला तोटा होत नाही, पण कमाईही होत नाही, हे मी तेव्हा विसरले होते.

कमाई कशी होते, हे शोधण्यात ओटो लांग या जर्मन शास्त्रज्ञाने आयुष्य घालवले. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६०-७० च्या काळात मोजमापे केली. तिथले एक शैवाक रात्रीच्या दवाने भिजते, सूर्य उगवल्यावर दोन-तीन तास साखर बनवते आणि ऊन चढले की वाळून गप्प होते. दिवसाची सगळी कमाई त्या दोन-तीन तासांतली. हिरवे शैवाल असलेल्या अनेक शैवाकांना तर दवाचा थेंबही लागत नाही, दमट हवा पुरते, हेही त्याने दाखवले.

खर्चाची बाजू उष्ण प्रदेशात दिसते. शैवाक ओले असेतो श्वसन चालू असते, म्हणजे साखर खर्च होत राहते. रात्र ओली आणि उबदार असेल तर हा खर्च वाढतो, आणि रात्री कमाई शून्य. पनामातल्या सखल, दमट जंगलात मोठी शैवाके विरळ आणि डोंगरावर वर गेले की विपुल का, याचे एक मोठे कारण हेच मानले जाते. थोडक्यात, शैवाकाचे भवितव्य नुसत्या तापमानावर किंवा पावसावर ठरत नाही. ते ओले कधी असते, त्या वेळी उजेड किती असतो आणि ऊब किती असते, या तिन्हींच्या मेळावर ठरते. महाबळेश्वर आणि सोलापूर यांच्यात नेमका हाच मेळ बदलतो.

मग जे शैवाक नॉर्वेत आणि सार्डिनियातही राहते, ते हा मेळ कसे साधते? एकच जीव इतका लवचिक असतो, की दोन ठिकाणचे जीव मुळातच वेगळे असतात? डोळ्यांना दोन्हींत फरक दिसत नाही. भिंगालाही दिसत नाही. तो दिसायला जनुके वाचण्याची सोय व्हावी लागली.

*

सार्डिनिया हे इटलीचे बेट. त्याच्या उत्तरेला लिंबारा नावाचा ग्रॅनाइटचा डोंगर आहे, उंची सुमारे १३६० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या आसपास. पायथ्याला भूमध्य समुद्राचे हवामान, उन्हाळा कोरडा आणि कडक. माथ्याकडे हवा गार आणि दमट. लासालिया पुस्तुलाता खालीही आहे आणि वरही आहे. फ्रँकफर्टच्या झेन्केनबर्ग संस्थेतील फ्रांचेस्को दाल ग्रांदे, इम्के श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उतारावरच्या सहा ठिकाणांहून नमुने घेतले. त्यांचा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला.

त्यांची रीत मला हिशेबाच्या ओळखीची वाटली. प्रत्येक शैवाकाचे खाते वेगळे न तपासता एका ठिकाणच्या अनेक शैवाकांचा डीएनए एकत्र करून वाचायचा. म्हणजे प्रत्येक शाखेची एकत्रित बेरीज मांडायची. एकाच जनुकाची निरनिराळी रूपे असतात. त्यांपैकी कोणते रूप कोणत्या उंचीवर किती प्रमाणात आहे, हे त्यातून कळते.

उंचीबरोबर प्रमाण हळूहळू बदलत जाईल, अशी अपेक्षा एखाद्याने केली असती. तसे झाले नाही. बुरशीचे दोन स्पष्ट गट निघाले. एक खालचा, भूमध्य हवामानाचा. दुसरा वरचा, गार आणि दमट हवामानाचा. मध्ये एक पट्टा होता, तिथे दोघांची सरमिसळ होती, आणि हा पट्टा नेमका तिथे होता जिथे एक हवामान संपून दुसरे सुरू होते.

इथे क्षणभर थांबावे लागते. या शैवाकाच्या पाठीवर पोवळ्यासारखी काळी, बारीक टोके उगवतात. ती मोडून वाऱ्यापावसाने इकडेतिकडे जातात आणि त्यांतून नवे शैवाक उगवते. पायथा आणि माथा यांतले अंतर काही किलोमीटरचे आहे. या टोकांना ते अंतर कितीसे? दोन्ही गटांनी पूर्ण मिसळून जायला अंतराची काही आडकाठी नव्हती. तरी ते वेगळे राहिले. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत वरच्या शैवाकांची शरीरक्रिया अधिक ओल्या आणि कमी उजेडाच्या परिस्थितीला साजेशी निघाली. दोन गटांत ज्या जागी जनुकांचा फरक सर्वांत जास्त होता, त्या जागी ताण सोसण्याशी, परिसराशी जुळवून घेण्याशी आणि लैंगिक प्रजननाशी निगडित जनुके होती.

यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रजननाची जनुकेच वेगळी होऊ लागली तर दोन गट पुढे एकमेकांत मिसळणे थांबवू शकतात. संशोधक सावध आहेत. दोन्ही गटांचा पूर्वेतिहास आणि हवामानाने केलेली निवड या दोन्हींचा गुंता यात आहे, असे ते म्हणतात. पण एका जातीच्या दोन जाती होण्याच्या वाटेवरची ही अवस्था असावी, असेही त्यांनी सुचवले आहे. लिनियसने १७५३ साली दिलेल्या एका नावाखाली एकाच डोंगरावर दोन घराणी नांदत होती.

त्याच संस्थेतून गरिमा सिंग आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली आणखी एक गोष्ट पुढे आणली. शैवाके अनेक विशेष रसायने तयार करतात. दगडफुलाचा मसाल्यातला उपयोगही त्याच्या अंगच्या रसायनांमुळेच. अशी रसायने बनवणारी जनुके बुरशीत गटागटाने, एकमेकांशेजारी असतात. यांतले काही गट गार हवेच्या शैवाकांत होते आणि उष्ण हवेच्या शैवाकांत नव्हते, काही ठिकाणी उलट. म्हणजे भांडवल तेच आणि वापर वेगळा, असे नाही. भांडवलाच्या यादीतच फरक होता. शेठ पोत्यातला माल हुंगून भाव का बदलत, ते मला इतक्या वर्षांनी कळल्यासारखे वाटले. अर्थात त्यांची पोती वेगवेगळ्या जातींची होती आणि हे दोन गट एकाच जातीतले आहेत, हा फरक विसरून चालणार नाही.

*

इथवर एका भागीदाराची गोष्ट झाली. दुसरा भागीदार, म्हणजे शैवाल, बदलता येतो.

बुरशी लैंगिक बीजाणू सोडते तेव्हा त्यांत शैवाल नसते. तो बीजाणू जिथे पडेल तिथे त्याला नवा सोबती शोधावा लागतो. मोडलेल्या टोकांतून मात्र दोघेही एकत्र जातात. २००१ साली मिशेल पियर्सी-नॉर्मोर आणि पॉला डीप्रीस्ट यांनी 'क्लॅडोनिया' या शैवाकांच्या गटात बुरशीची वंशावळ आणि शैवालाची वंशावळ शेजारी ठेवून पाहिली. त्या जुळत नव्हत्या. भागीदारी पिढ्यान्‌पिढ्या तीच चालत आली असती तर त्या जुळायला हव्या होत्या. म्हणजे वाटेत सोबती बदलले गेले होते.

२०११ साली फर्नांडो फर्नांडेझ-मेंडोसा, ख्रिश्चन प्रिन्त्सेन आणि सहकाऱ्यांनी 'सेट्रारिया अक्युलिआटा' या शैवाकाचे नमुने ध्रुवीय प्रदेशांपासून भूमध्य समुद्राच्या परिसरापर्यंत तपासले. बुरशीचे नाव सगळीकडे तेच होते. आतली शैवाले मात्र हवामानाप्रमाणे वेगळी होती. २०१८ मध्ये स्पेनच्या सिएरा दे ग्रेदोस पर्वतात दाल ग्रांदे यांनी लासालियाच्या दोन जातींमधली शैवाले उतारावर वर-खाली पाहिली. या कामात माद्रिदमधले प्रदीप दिवाकर आणि आना क्रेस्पो हेही होते. शैवालांची निवड उंचीनुसार बदलत होती आणि ती निवड करणारी बुरशी कोण, यावरही ठरत होती. योग्य शैवाल मिळाले तर एकट्या बुरशीला न झेपणाऱ्या हवामानातही शैवाक पाय रोवू शकते, असा निष्कर्ष याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासातून निघाला.

तेव्हा हवामानाशी जुळवून घेण्याच्या वाटा दोन. बुरशीची स्वतःची जनुके पिढ्यांमागून पिढ्या बदलत जातात, ही सावकाशीची वाट. स्थानिक हवेला मुरलेले शैवाल सोबतीला घेणे, ही जवळची वाट. या दुसऱ्या वाटेमुळे मला काही काळ पुन्हा धीर आला होता. हवामान तापले तर बुरशी नवा सोबती शोधेल, असे मी वहीत लिहूनही ठेवले होते.

मग २०२२ सालचा एक अभ्यास वाचला. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील मॅथ्यू नेल्सन आणि सहकाऱ्यांनी 'ट्रेबूक्सिया' शैवालाच्या शाखा पूर्वी कोणत्या हवामानात होत्या आणि त्यांची ही पसंती किती वेगाने बदलत गेली, याचा अंदाज बांधला. तो वेग अतिशय मंद निघाला. येत्या काही दशकांत हवामान जितके बदलेल अशी अपेक्षा आहे, तितक्या बदलाला या शैवालांना पूर्वी लाखो वर्षे लागली आहेत. एखादे शैवाक अमुक साली नाहीसे होईल, असे यातून सिद्ध होत नाही. पण ज्या सोबत्यांच्या भरवशावर मी निश्चिंत झाले होते, ते सोबतीही संथच आहेत, एवढे कळते.

आणि लिंबारावरच्या वरच्या गटाचे काय? हवा तापत गेली तर खालचा गट वर सरकू शकेल, त्याला वर जागा आहे. वरच्या गटाला सरकायला १३६० मीटरच्या पुढे डोंगरच नाही. तो गट तिथून गेला तरी यादीत काही कमी दिसणार नाही, कारण लासालिया पुस्तुलाता हे नाव सार्डिनियात राहीलच. पाटी तशीच आणि आतला एक भागीदार गेलेला. एकाच नावावर सगळी पोती लिहिणाऱ्या वहीत हा तोटा कधीच उमटत नाही.

*

आपल्याकडे शैवाकांना नावे देण्याचे काम लखनौला डी. डी. अवस्थींनी आणि पुण्यात पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा यांनी अनेक दशके केले. पुण्याचा शैवाकसंग्रह आज आघारकर संशोधन संस्थेत आहे. अशा संग्रहांतल्या पाकिटांवर जातीच्या नावाखाली नमुना कुठून आणला, हेही लिहिलेले असते. पूर्वी मला ती ओळ किरकोळ वाटे. आता आधी तीच ओळ वाचते. पश्चिम घाटाच्या माथ्यावरचे आणि पायथ्याचे नमुने एकाच नावाचे असले तरी एकच असतील, असे गृहीत धरायचे धाडस मला आता होत नाही. माझ्या स्वतःच्या वहीतही मी रकाने वाढवले आहेत : ठिकाण, उंची, दगडाची कोणती बाजू, सकाळचे ऊन किती वाजता पोहोचते.

सोलापूरच्या त्या शिक्षकांना दुरुस्तीचे पत्र पाठवावे म्हणून मी पोस्टकार्डावरचा पत्ता शोधला. त्यांच्या सुनेचे उत्तर आले. ते चार वर्षांपूर्वी गेले. महाबळेश्वरहून आणलेला दगड अंगणात तुळशीजवळ अजून आहे, त्यावर आता काही नाही, असे तिने लिहिले आहे. एका दगडावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण उत्तर मी दिले होते, आणि ते छापलेल्या वाक्याच्या जोरावर दिले होते. म्हणून दुरुस्तीही छापूनच करते.

'दगडफुलाला हवामानाची फिकीर नसते' या वाक्याऐवजी वाचकांनी असे वाचावे : दगडफूल ज्या दगडावर आहे, त्या दगडाच्या हवेशी त्याने पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेले असते, दुसऱ्या हवेत ते जगेलच, असे सांगता येत नाही.